रूपला राठोडच्या भिंतीचं पोट

“माझी भिंत कोनीतरी रातच्याला वाकवून राह्यलं,” म्हातारा म्हणाला आणि त्याने टेबलावर एक ओळंबा, गवंड्याचा दोरीला बांधलेला पितळी गोळा, ठेवला. “हा घ्या पुरावा.”

कारंज्याच्या बाजारपेठेत, सरकी-ढेपेच्या दुकानाच्या वर, ज्योत्स्ना सरनाईकचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. तिथे आजवर पुरावा म्हणून एक वेसण, एका नवरदेवाचा केसांचा टोप आणि अर्धं खाल्लेलं वांगं आलं होतं. ओळंबा पहिल्यांदाच. ऋषिकेश हा ज्योत्स्नाचा धाकटा दीर आणि ऑफिसचा एकमेव कर्मचारी. त्याने तो उचलून हुंगला.

“कशाचा वास येऊन राह्यला?” ज्योत्स्नाने विचारलं.

“पितळेचा, वहिनी.”

“लिहून घे.”

म्हाताऱ्याचं नाव रूपला राठोड. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा गवंडी, सत्तरीला टेकलेला. “मानोरा तालुक्यात माझ्या हातची एक भिंत वाकडी दाखवा,” तो म्हणाला, “थापी फेकून लग्नात बँड वाजवीन.”

तांड्यावर पोरांसाठी अभ्यासिका बांधणं चालू होतं. भिंतींचा मान रूपलाचा. उत्तरेची भिंत पुरी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला दिसलं की तिला मधोमध पोट आलंय. त्याने ती पाडली. पुन्हा बांधली, पुन्हा पोट. पुन्हा पाडली. आता तिसरी उभी होती आणि तिलाही पोट होतं.

“कोणावर संशय?”

“रतनसिंग. म्याच शिकवला त्याले. आता त्याले सोताचं नाव करायचं हाय.” रूपलाने ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळली. “उद्या बैठक हाय. तो चोर निघाला तं तांड्यात त्याले कोनी काम देनार नाई. नाई निघाला तं मंग माझाच हात खोटा. थापी खाली ठेवीन.”

“आणि या ओळंब्याचं काय?”

“त्याची दोरीबी वाकवते तो! ही तिसरी दोरी हाय. नवी बांधली का दोन दिवसांत वाकडी.”

ऋषिकेशने लिहिलं : दोरीशी छेडछाड.

“काका, डोळे कसे आहेत?”

“एकदम नवे! शिबिरात दोन्हीकडचा मोतीबिंदू काढला. डोळ्यायचं काम झालं.” रूपलाने विडी तोंडात धरली आणि पेटती काडी तिच्या शेजारच्या हवेला लावली. हवा पेटली नाही. त्याने काडीपेटी बनवणाऱ्याला एक शिवी दिली.

ज्योत्स्नाने पर्स उचलली. “गाडी काढ, ऋषिकेश.”

---

तांड्यावर पोचल्यावर ऋषिकेशने भिंत समोरून पाहिली, बाजूने पाहिली, शेवटी वाकून पायांतून पाहिली.

“मले तं सरळ दिसते.”

“तुमाले दिसन का?” रूपलाने त्याच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर नजर टाकली. “तुमचं पोटाशी रोजचंच उठनं-बसनं.”

मग त्याने डावा डोळा मिटला, सारे गवंडी मिटतात तसा, आणि भिंतीच्या कडेने नेम धरला. “हे पाहा. मधात फुगली. आन तो विजेचा खांब पाहा, तोबी वाकवला!”

खांब मात्र खरोखरच वाकडा होता. ऋषिकेशलाही दिसला. खांबाला कमरेएवढ्या उंचीवर निळा रंग खरवडून लागला होता.

ज्योत्स्नाने भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला. सिमेंट दगडासारखं झालं होतं. सगळ्या भिंतीला केसाएवढीही भेग नव्हती.

“खांब वाकडा, म्हणजे भिंतही वाकडी,” ऋषिकेश कुजबुजला. “टोळी आहे, वहिनी.”

रतनसिंग रेतीच्या ढिगाजवळ बसला होता. चाळिशीचा, हाताला चुना. तो उठलाही नाही.

“भिंत वाकवता आली असती तं म्या सर्कशीत गेलो असतो, ताई. इथं काहून उन्हात मेलो असतो?”

“काका म्हणतात, भिंतीला पोट आहे.”

“काका वीट ठेवते ना, तं दोरीकडे पाहातबी नाई. बोटानं चाचपते. दोरी आन वीट, मधातली फट बोटाले सांगते. असा मानूस वाकडी बांधनच कशी?” त्याने रेतीत थुंकायचं मनात आणलं, पण काकांची रेती म्हणून थांबला. “दोन्ही भिंती सरळ होत्या. सरळ भिंत पाडताना पाह्यली म्या. बोललो असतो तं म्हनला असता, चोर बोलते.”

शेजारी देवमनचं घर. नव्या भिंतीमुळे त्याच्या ट्रॅक्टरचा जवळचा रस्ता बंद झाला होता आणि आता त्याला विजेच्या खांबाला वळसा घालून यावं लागे. अंगणात ट्रॅक्टर उभा होता. निळा.

“भिंतीले म्या हात नाई लावला,” कोणी काही विचारायच्या आत देवमन म्हणाला. “भिंतीले नाई.”

“मग कशाला लावला?”

“चहा घेता का?”

ऋषिकेशने दोन कप घेतले.

शेवटी रूपलाची बायको, भुरीबाई. ती ज्वारी पाखडत होती.

“मावशी, काका घरात कसे वागतात?”

“कसे वागनार? मांगल्या महिन्यात सकाळी माझ्याकडे पाहून म्हनते, भुरे, तुझं नाक वाकडं कवा झालं? नातवाचं लगन झालं तेवा ह्यायले बायकोचं नाक दिसलं!” सूप आपटलं गेलं. “सिमेंटच्या थैलीवरचं नाव वाचते तं मधलं अक्षर कोनी खाल्लं म्हनते. घरान्यातच हाय. ह्यायचा बाप म्हातारपनी समोर बसलेला मानूस ओळखे नाई, आन दाराच्या कोपऱ्यातून मांजर गेली तं त्याले दिसे.”

“त्यांच्या डोळ्यांना काय झालं होतं?”

“म्हातारपन. तांड्यात त्याले दुसरं नाव नाई.”

परत जाताना ऋषिकेशने निष्कर्ष सांगितला. रतनसिंग आणि देवमनने मिळून ट्रॅक्टरचा जॅक लावून भिंत फुगवली.

“आणि दोरी?”

“दोरीला छोटा जॅक.”

---

सकाळी बैठकीला सारा तांडा अभ्यासिकेसमोर जमला. रूपला लाल पागोटं बांधून, छाती काढून बसला होता. रतनसिंग लांब, एकटा.

“भिंत वाकवणारा सापडला,” ज्योत्स्ना म्हणाली. “नाव सांगते. आधी दोन गोष्टी. वाळलेली भिंत फुगली तर भेगा पडतील. या भिंतीला एकही नाही. दुसरी गोष्ट.” तिने ओळंबा दोरीने धरून लटकता सोडला. पितळी गोळा हलला, थांबला. “खाली वजन लटकलेलं आहे. ही दोरी वाकेल का?”

तांड्यात निम्मे लोक बांधकामावर जाणारे. निम्म्यांना उत्तर माहीत होतं आणि बाकीच्यांना निम्म्यांच्या तोंडांवर दिसलं.

“मायापाशी वाकते,” रूपला हट्टाने म्हणाला.

“तुमच्यापाशीच वाकते, काका. बाकी कोणापाशी नाही. ऋषिकेश, ती रेतीची चाळणी उभी कर.”

ऋषिकेशने चौकोनी जाळीची मोठी चाळणी भिंतीला टेकवली. ज्योत्स्नाने जाळीच्या मधोमध चुन्याचा ठिपका काढला आणि रूपलाला हातभर अंतरावर बसवलं.

“उजवा डोळा झाका. ठिपक्याकडेच पाहायचं. तारा कशा आहेत?”

“सरळ. माझी चाळनी हाय ती.”

“आता डावा झाका.”

रूपलाने डावा डोळा झाकला. त्याच्या कपाळाला आठी पडली. तो पुढे झुकला, मागे झाला. “हे काय! तारा मधात वाकल्या. ठिपका गेला, काळा डाग हाय तिथं.” तो ताडकन वळला. “रतन! चाळनीबी नाई सोडली तुनं?”

रतनसिंग जागेवरून हललाही नव्हता. रूपलाला ते दिसलं, आणि त्याने पुन्हा, न सांगता, एकदा हा डोळा, एकदा तो डोळा झाकून पाहिला. मग हात मांडीवर ठेवला.

“भिंत वाकवणारा हाच,” ज्योत्स्ना हळू म्हणाली. “उजवा डोळा. नेम धरायला तुम्ही नेहमी डावा मिटता, म्हणून तपासणी रोज याच डोळ्याने झाली. सवयीने बाकी वेळीही जोर याच्यावरच. भिंत, दोरी, मावशीचं नाक, थैलीवरचं मधलं अक्षर, विडी. सगळं मधोमधच बिघडत होतं.”

“पन मोतीबिंदू तं काढला!”

“ते पुढचं भिंग, काका. ते नवं बसवलं. हा आजार मागच्या पडद्याचा आहे. गिलाव्याखाली ओल शिरली की काय होतं?”

“पोपडा फुगते,” रूपला म्हणाला. हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

“डोळ्याच्या पडद्याखाली तसंच पाणी झिरपत असावं. पडदा मधोमध फुगतो, आणि सरळ रेषा वाकडी दिसते. वयाने होतं, घराण्यात असतं, विडीने वाढतं. तुमच्या वडिलांचं म्हातारपण नव्हतं ते, बहुतेक हेच होतं. पक्कं नाव अकोल्याचे पडद्याचे डॉक्टर ठेवतील. माझं काम संशयित दाखवायचं.”

“इलाज?” हा आवाज रतनसिंगचा होता.

“झिरपणं थांबवायला डोळ्यात इंजेक्शन देतात. एकदा नाही, पुन्हापुन्हा. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण उरलेलं राखता येतं. उशीर केला तर डाग कायमचा. माझ्या सासऱ्यांचा एक डोळा असाच गेला. आम्ही नुसता चष्मा बदलत बसलो.”

ऋषिकेश चकित झाला. “म्हणजे बाबा वाटीत मधली डाळ ठेवून उठायचे, ते...”

“हो. आणि तू ती खायचास.”

“मंग खांब?” मागून कोणीतरी ओरडलं.

“खांब खरंच वाकडा आहे. त्याला निळा रंग लागलाय.”

देवमन उठून उभा राहिला. “रिव्हर्स घेत होतो,” त्याने जाहीर केलं आणि मोकळा होऊन बसला.

आता सगळे रूपलाकडे पाहत होते. त्याने जाळीच्या तारांवरून बोट फिरवलं. मग उठला, पागोटं सारखं केलं.

“म्हंजे माझ्या दोन्ही भिंती सरळ होत्या.”

“होत्या.”

“ऐका रे!” त्याचा आवाज तांडाभर गेला. “रूपलाचा हात खोटा नाई! डोळ्यानं दगा देला, तरी बोटानं सरळ बांधली. एकदा नाई, तीनदा!” मग तो रतनसिंगसमोर जाऊन उभा राहिला, आणि एवढा मोठा आवाज एकाएकी लहान झाला. “तुले चोर म्हनलं म्या. साऱ्यायसमोर म्हनतो, चुकलो. तुयावर नाई, तं कोनावर संशय घेऊ? मायासारखं काम दुसऱ्या कोनाले येतेच कुठं?”

रतनसिंगने मान खाली घातली. हसू लपवायला असेल. “गाडी आनतो, काका. अकोल्याले आजच जाऊ.”

---

तपासण्या झाल्या, पडद्याचा फोटो निघाला, आणि ज्योत्स्नाचा संशयित दोषी ठरला. पहिल्या इंजेक्शननंतर रूपलाने तांड्यावर सांगितलं की डोळ्यात सुई जाताना त्याची पापणीसुद्धा लवली नाही. पापणीला चिमटा लावलेला होता, हे त्याने सांगितलं नाही. विडी त्याने सोडली आणि त्याबद्दल रोज कोणाला तरी शिव्या दिल्या. पण देवमनची आई आणि आणखी दोघं म्हातारे, एक-एक डोळा झाकून पाहिल्यावर, पुढच्या खेपेला आपणहून गाडीत येऊन बसले.

अभ्यासिकेचा छपराजवळचा थर रतनसिंगने घातला. रूपला खाली खुर्चीवर बसून चुका काढत होता. चुका नव्हत्या, तरी काढत होता.

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, “बाबा, सोबत कोण आहे? हे तुमचे कोण?”

रूपलाने औषध घातलेले डोळे मिटलेलेच ठेवले, पण मान ताठ केली. सगळ्या बाकांवर ऐकू जाईल असं तो म्हणाला, “हा रतनसिंग. मानोऱ्याकडं गेलीस आन सरळ भिंत दिसली, तं समजजो, ती याची नाई तं माझी.”

“बाबा, मी नातं विचारलं.”

“मंग तेच तं सांगून राह्यलो, बाई.”