वरवंट्याचं टोपडं

नातीच्या बारशाला आम्ही रीतीप्रमाणं वरवंट्याला टोपडं घातलं. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बायकांनी तो पाळण्याखालून-वरून फिरवला आणि बाळाशेजारी निजवला. क्रांती हे नाव ठेवून झाल्यावर मी तो उचलला, तर पोरीनं एकच आकांत मांडला.

"ऱ्हाऊ द्या तितंच, आत्ती," सून अनुजा म्हणाली. "मसाला मिक्सरवर हुतोय की."

तो पाळण्यातच राहिला.

आठवड्याभरात क्रांतीचे ओठ पांढरे पडले. दूध ओढताना तिला धाप लागायची. राजारामपुरीतल्या दवाखान्यात रक्त चढवलं, गालांवर रंग आला, घरी आणली. पुन्हा पांढरीफटक.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर सुष्मितांनी आम्हाला समोर बसवलं. "आईचा आणि बाळाचा रक्तगट एकच आहे. कावीळ नाही, म्हणजे रक्त फुटत नाही. डोक्यात, पोटात कुठं साकळलेलं नाही. नवीन रक्त तयारही होतंय. मग जातंय कुठं?" त्यांनी फाईल मिटली. "पोटात जुळं असतं, तर म्हटलं असतं, वारेतून एकाचं रक्त दुसऱ्याला जातंय. एक पांढरं, एक लालबुंद."

"एकटीच हाय की ओ," मी म्हणाले.

"माहीत आहे, आजी. पण पुन्हा असं झालं तर तिचं हृदय तग धरणार नाही."

सून तिथं थांबली. मी दुपटी न्यायला घरी आले. भर दुपार होती. खालच्या क्लासात पोरं पाढे म्हणत होती.

पाळण्यात वरवंटा होता. माझ्या सासूच्या वेळचा, काळाभोर. आता तो तांबूस दिसत होता. मिरचीचा जुना रंग सुटला असेल, म्हणून हुंगून पाहिला. दुधाचा वास आला.

उचलला. ऊन लागला. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही.

बारशाला टोपडं सैल होतं, घसरत होतं. आता बंद सोडला तर दगडावर त्याचा वळ उठला होता.

मी त्याला पदराखाली घेतलं आणि रिक्षानं पंचगंगेच्या घाटावर आले. शेवटच्या पायरीवर बसले. पाणी संथ होतं.

फोन वाजला. मुलगा विश्वजित बोलत होता. "आई, क्रांतीला रंग आलाय बघ! उद्या सोडत्यात. पाळणा झटकून ठेव."

"व्हय," मी म्हणाले.

दोन्ही हात पाण्यावर धरले. इतकी पोरं न्हाऊ घातली, टाळू भरली; सवयीनं अंगठा माथ्यावर गेला.

मधोमध दगड मऊ होता.

टाळू उडत होती.