पन्हळीतले सोळा कोपरे

हे खरं घडलेलं आहे. माझ्याकडे पुरावा नाही, आणि कुणाला पटवायची हौसही नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. भर दुपार होती, बारा ते एकची वेळ. जानेवारी १९७९. इंग्लंडात, नॉरफकमधलं ऑल्डरिंग गाव आणि तिथलं चर्च.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं, ते पुढे माझे सासरे झाले. डेस्मंड पास्क. त्यांनी मला हे तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा एक शब्दही बदलला नाही. त्या वेळी ते माझे कुणी नव्हते, म्हणून सांगताना मीही नुसतं डेस्मंडच म्हणतो.

डेस्मंडचा धंदा शिशाचा. जुन्या चर्चच्या छपरावरचं शिसं उतरवायचं, वितळवायचं, वाळूवर ओतून नवे पत्रे करायचे आणि ते पुन्हा वर बसवायचे.

बावीस वर्षं त्याचा एकच भागीदार होता. सिरिल गॉट्स.

ओतणं, वाहणं, अंथरणं हे डेस्मंडचं काम. कोपरे सिरिलचे.

कोपरा म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. शिशाचा पत्रा जिथे भिंतीला टेकतो तिथे त्याला वर वळवावं लागतं. दोन बाजू वळल्या की मध्ये कोपरा येतो. तो कापायचा नाही, जोडायचा नाही. नुसत्या लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत उभा करायचा. जास्त ठोकलं की पत्रा पातळ होऊन फाटतो. कमी ठोकलं की चुण्या पडतात. सिरिलच्या हाताखाली शिसं कणकेसारखं चालायचं. तो डावखुरा होता. ठोकायची त्याची एक चाल होती. दोन हलके ठोके, मग एक जड.

टप टप... टाप.

डेस्मंडला ते कधीच जमलं नाही.

गावोगावचे लोक विचारायचे, "गॉट्स येणार ना?" पास्क येणार का, असं बावीस वर्षांत एकानंही विचारलं नाही.

सिरिल माणूस चांगला होता. हीच पंचाईत होती. तो रोज सकाळी आपल्या कोंबड्यांची अंडी कागदात बांधून डेस्मंडसाठी आणायचा. माणूस वाईट असता, तर डेस्मंडला त्याचा रागराग करणं सोपं गेलं असतं.

सप्टेंबरात सिरिलला झटका आला. डावा हात लुळा पडला. तरी तो काठी टेकत वर्कशॉपमध्ये येऊन बसायचा.

"डेस, ये इकडे. कोपरा कसा चढवायचा ते दाखवतो."

"मला येतं."

"येत नाही तुला," सिरिल हसत म्हणाला. "बावीस वर्षं बघतोय मी. अरे, मी काय बरोबर घेऊन जाणार आहे का ते? शिकून घे."

डेस्मंडनं त्याच्याकडे पाठ केली आणि भट्टीत कोळसा घातला.

ऑक्टोबरात सिरिल गेला.

दफनानंतर सगळे चहाला थांबले होते. ऑल्डरिंग चर्चचा कारभार पाहणाऱ्या मिसेस लार्टर डेस्मंडजवळ आल्या.

"आमच्या उत्तरेकडच्या पन्हळीचं काम जानेवारीत करायचं ठरलं होतं. आता सिरिल नाही. आम्ही नॉरिचचा माणूस बघावा म्हणतो."

डेस्मंडच्या हातात सँडविच होतं. सिरिलच्याच घरचं.

"गेली पाच वर्षं कोपरे मीच करतोय," तो म्हणाला. "सिरिलचे हात केव्हाच गेले होते. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी कुठे बोललो नाही."

मिसेस लार्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

काम त्याला मिळालं.

उत्तरेकडच्या कठड्यामागे लांब पन्हळ. तिला आठ पायऱ्या, आणि दर पायरीला दोन कोपरे. एकूण सोळा. चर्चची अट अशी, की छपराची लाकडं पाचशे वर्षांची आहेत, वर ज्योत न्यायची नाही, आणि पत्र्याला जोडही नको. म्हणजे गॅसनं जोडून वेळ मारून नेता येणार नाही. जे करायचं ते हातानं.

पहिल्या दिवशी त्यानं पहिला पत्रा अंथरला. नवं ओतलेलं शिसं चांदीसारखं चमकत होतं. दहा वाजता तो कोपऱ्याला बसला.

साडेअकराला पत्रा फाटला.

दुसरा तुकडा घेतला. त्याला चुण्या पडल्या. बारा वाजता त्यानं मोगरी टाकली आणि तो खाली उतरला. चर्चच्या दाराशी दगडी पडवी होती, तिथे बसून त्यानं डबा उघडला. चीज, पाव, व्हिनेगरमधला कांदा.

शिडी त्याच्या समोर होती. छपरावर जायला तेवढीच वाट.

चर्चच्या मनोऱ्यात कावळे असायचे. सकाळपासून त्यांचा कलकलाट चालला होता. तो एकदम थांबला.

आणि मग वरून आवाज आला...

टप टप... टाप.

डेस्मंडचा घास तोंडातच राहिला.

टप टप... टाप.

वीस मिनिटं. तो उठला नाही. शिडीवर नजर ठेवून बसून राहिला. कुणी चढलं नाही. कुणी उतरलं नाही.

आवाज थांबला तसा तो वर गेला. उत्तरेच्या बाजूला ऊन येत नाही. पन्हळीलगतच्या चालायच्या फळ्यांवर सकाळचं हिम तसंच पांढरं होतं. त्यावर फक्त त्याच्या एकट्याच्या बुटांचे ठसे.

कोपरा झालेला होता.

एक चुणी नाही. कडेला आणि मध्ये जाडी सारखी. त्यानं बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. भोवतीचा पत्रा चमकत होता. कोपरा मात्र काळपट करडा होता. शिशाला तसा रंग यायला वर्षं लागतात. इथे तो वीस मिनिटांत आला होता.

दुसरा कुणी असता तर हत्यारं तिथेच टाकून पळाला असता.

डेस्मंडनं दुसऱ्या दिवशी दुसरा पत्रा अंथरला. कोपरा तसाच सोडला. आणि बाराची वाट बघत बसला.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, "भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "वाटली. पण काम माझ्या नावावर होतं."

रोज हेच चालू झालं. डेस्मंड सकाळी पत्रे अंथरायचा. बाराला खाली उतरायचा. कावळे गप्प व्हायचे. वर मोगरी चालायची. एकला कोपरे तयार. कधी एक, कधी दोन.

नवव्या दिवशी मिसेस लार्टर शिडी चढून वर आल्या. सत्तरीच्या बाई, पण काम स्वतः बघितल्याशिवाय पैसे देणाऱ्यातल्या नव्हत्या. गुडघ्यावर बसून त्यांनी एकेका कोपऱ्यावरून हात फिरवला.

"खरं सांगू, पास्क? तुम्ही जे बोललात ते मला खरं वाटलं नव्हतं. मी सिरिलचं काम वर्षानुवर्षं पाहिलंय." त्या उठल्या. "हे त्याहून सरस आहे."

बावीस वर्षं ज्या वाक्यासाठी तो तडफडत होता, ते वाक्य.

डेस्मंड म्हणायचे, आनंद झाला. छातीत अगदी भरून आलं. शिडीच्या दोन पायऱ्या उतरेपर्यंत टिकला तो आनंद. तिसऱ्या पायरीवर लक्षात आलं, की हेसुद्धा सिरिलचंच कौतुक झालं. मेला तरी त्याचंच.

त्या संध्याकाळी जेवताना बायको, ऑलिव्ह, सहज म्हणाली, "गावात सगळे तुझ्या कामाबद्दल बोलतायत. सिरिलला ऐकून बरं वाटलं असतं."

"सिरिल, सिरिल." डेस्मंडनं ताटली सरकवली. "या घरात दुसरं नाव नाही का?"

ऑलिव्हनं शांतपणे ताटली उचलली. "बावीस वर्षं तू त्याच्यावर जळलास, डेस. आता तरी पुरे कर. माणूस मातीत गेला."

मातीत गेला असता तर... पण हे तो बायकोला काय सांगणार?

त्या रात्री त्याला झोप लागली नाही, ती भुताच्या भीतीनं नव्हे. एकच विचार डोक्यात फिरत होता. तो करतो तरी कसं?

दुसऱ्या दिवशी चौदा कोपरे झालेले होते. राहिले दोन. बाराला डेस्मंडनं डबा पडवीत ठेवला, पण तो बसला नाही. दबक्या पावलांनी चर्चमध्ये शिरला आणि मनोऱ्याचा गोल जिना चढला. अर्ध्या वाटेवर एक अरुंद झरोका आहे. तिथून उत्तरेची पन्हळ सरळ खाली दिसते.

कावळे गप्प होते.

टप टप... टाप.

त्यानं डोळा लावला.

पन्हळीत कुणी नव्हतं. त्याची मोगरी दूर फळीवर पडलेली होती, जशी त्यानं टाकली होती तशी.

पण पत्र्याची कड हलत होती.

ठोक्यासरशी शिशात खळगा पडत होता आणि पुढच्या ठोक्याला भरून येत होता. शिसं सरकत होतं, गोळा होत होतं, हळूहळू वर चढत होतं... आणि जिथे चढत होतं तिथे चमक विझून करडं पडत होतं. घाई नाही. एक ठोका वाया नाही.

डेस्मंड सांगायचे, "इतकं सुंदर काम मी आयुष्यात पाहिलं नाही. किंचाळायला हवं होतं मी. आणि माझ्या मनात काय आलं असेल? मेल्यावरही, हात नसतानाही, हा माझ्यापेक्षा चांगला."

ठोके थांबले.

कोपरा अर्धाच झाला होता. त्याआधी असं कधी झालं नव्हतं.

झरोक्याच्या आत, अगदी त्याच्या कानाशी, कुणीतरी श्वास घेतला. कोपरा दाखवायला सुरुवात करण्याआधी माणूस घेतो, तसा.

डेस्मंड जिना कसा उतरला ते त्याला आठवत नव्हतं. पण तो घराकडे धावला नाही. शिडी चढून वर गेला, कात्री घेतली आणि तो अर्धा कोपरा कापून काढला. तुकडा कठड्यावरून खाली गवतात भिरकावला.

"माझं आहे हे काम," तो रिकाम्या छपराला म्हणाला. "माझं."

मग नवा तुकडा घेऊन तो बसला. अंधार पडेपर्यंत ठोकत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठोकत राहिला, बोटं फुटेपर्यंत. तो कोपरा अखेर उभा राहिला. चुण्या पडल्या होत्या, एका ठिकाणी पत्रा कागदासारखा पातळ झाला होता. पण तो त्याचा होता.

बाराला तो खाली येऊन बसला. कान वर लागलेले.

कावळे ओरडत होते. नेहमीसारखे. ते थांबले नाहीत.

एक वाजला. काही नाही.

डेस्मंडला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ते म्हणायचे, इतकं एकटं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

शेवटचा कोपरा त्याचा त्यानं केला. तोही तसाच, चुण्यांचा. हत्यारं बांधली आणि तो तडक मिसेस लार्टरच्या घरी गेला. चर्चच्या उत्तरेला, रस्त्यापलीकडे.

"ते कोपरे माझे नाहीत," तो दारातच म्हणाला. "शेवटचे दोन माझे. बाकी सगळे सिरिलचे. आधीचेही त्याचेच. मी खोटं बोललो."

बाईंनी त्याला आत घेतलं. खुर्चीत बसवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मित्र असावा तर असा," त्या म्हणाल्या. "स्वतःची कमाई मेलेल्या माणसाच्या नावावर करायला निघालात."

"तसं नाही हो, बाई. मी खरंच सांगतोय. मी पडवीत बसलेला असायचो."

"पडवीत?" त्या हसल्या. "पास्क, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कठड्यामागचा माणूस दिसतो. रोज दुपारी बारा ते एक मी तुम्हाला बघतेय. जेवायलासुद्धा उतरत नाही तुम्ही. हाच तुमचा तपकिरी कोट, हीच टोपी."

डेस्मंडनं आपल्या कोटाकडे पाहिलं.

"एकच गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती," बाई चहा ओतत म्हणाल्या. "तुम्हीही डावखुरे आहात."

डेस्मंड उजव्या हाताचा माणूस होता.

त्यानं त्यानंतर बऱ्याच जणांना खरं सांगून पाहिलं. पाद्र्याला, दारूच्या गुत्त्यात, सिरिलच्या बहिणीला. जितकं सांगावं तितकं लोक त्यालाच मोठं मानत गेले. काय मन आहे, म्हणायचे. कामं वाढली. आता सगळे विचारायचे, पास्क येणार ना? त्यानं पुढे एकही कोपरा हातानं केला नाही, गॅसनं जोडत राहिला. कुणी सिरिलचं नाव काढलं की म्हातारपणीसुद्धा त्यांचा जबडा आवळायचा. मी पाहिलंय. ते दुःख नव्हतं. जळणंच होतं ते, शेवटपर्यंत. २००३ साली ते गेले.

गेल्या नोव्हेंबरात ऑल्डरिंगच्या छपरावरचं शिसं चोरीला गेलं. हल्ली होतं तसं सगळीकडे. चोरांनी उत्तरेची पन्हळ साफ केली. शेवटचा पत्रा तेवढा सोडला. चुण्या पडलेल्या दोन कोपऱ्यांचा. तो का सोडला, पोलिसांनाही कळलं नाही. काहीतरी ऐकून पळाले असतील, असं ते म्हणाले.

त्यांचा शिशाचा धंदा आता मी चालवतो. ते काम माझ्याकडे आलंय.

आताचे कारभारी तरुण आहेत. त्यांनी जुने फोटो काढून माझ्यापुढे ठेवले. "कोपरे असेच हवेत. जमेल?"

"नाही," मी म्हणालो. "मला हातानं येत नाही. वर्कशॉपमध्ये गॅसनं जोडून आणीन. जोड दिसेल."

ते जरा खट्टू झाले. मी ते कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. परवा सोमवारी सुरुवात आहे.

काल मी माप घ्यायला गेलो होतो. साडेअकराला काम आटोपलं. माझी वही वरच राहिली, हे खाली आल्यावर लक्षात आलं. शिडी समोरच होती.

मी घड्याळ बघितलं. बारा वाजत आले होते.

वही अजून वरच आहे.