मसणवाटेचं बिल

सत्यम, तो मोबाइलचा उजेड बंद कर आधी. लाईट यायची तेव्हा येईल. ऋतुजा, प्रेम, तुम्हाला घरात जायचं असलं तर आत्ताच जा. मधूनच उठून पळायचं न्हाई.

हे मी कुठं वाचलेलं न्हाई. आपल्या निलंग्यातला गुरुलिंग तुम्हाला आठवत नसेल, आपल्याच गल्लीत शेवटच्या घरात राहायचा. आता पोरापाशी नांदेडला असतो. त्यानं मला सांगितलं अन् आज हयात असलेल्यांत माझ्याशिवाय कुणाला सांगितल्याचं मला तरी माहीत न्हाई.

गुरुलिंग एका आमदारांचा पीए होता. कोणते आमदार ते जाऊ द्या. साहेब अधिवेशनाला मुंबईला, नागपूरला गेले की इथलं हापिस हाच बघायचा. सरळ माणूस. देवाला हात जोडायचा, पण भूतबित असलं काही मानणारा न्हवता.

आता बिल म्हटलं की तुम्हाला लाईटीचं बिल आठवतं. विधानसभेत कायदा व्हायच्या आधी त्याला बिल म्हणतेत. सरकारची बिलं होत राहतेत. पण एखाद्या आमदारानं सोताचं बिल आणलं, तर त्याच्यासाठी अधिवेशनातल्या शुक्रवारी दुपारनंतर थोडा वेळ ठेवलेला असतो. तिथं बिलांची रांग असती. नंबर आला तर चर्चा, न्हाई आला तर बसा पुढच्या अधिवेशनापर्यंत. अन् विधानसभेची मुदत संपली, की रांगेत थांबलेली सगळी बिलं मरतेत. हापिसात असंच बोलायचे. बिल मेलं म्हणायचे.

साहेबांनी असंच एक बिल मांडलं होतं. प्रत्येक गावच्या मसणवट्याला जायला कायद्यानं वाट पाहिजे, नकाशावर नसली तरी द्यायची, असं ते बिल. अन् ते निघालं होतं तळीखेडवरून.

तळीखेड इथून कर्नाटकाच्या अंगाला. गावचा जुना मसणवटा रस्त्यापासून आत, अन् मधे व्यंकटीचं रान. पिढ्यान् पिढ्या मयत त्या रानातून जायची, कुणी कुणाला इचारलं न्हाई. मग भावाभावांत वाटण्या झाल्या. तो तुकडा व्यंकटीला आला. त्यानं तारेचं कुंपण घातलं, गेट बसवलं, कुलूप लावलं. व्यंकटी वाईट माणूस न्हवता बरं का. दोन एकर रान, त्याच्या पोटातून वाट दिली तर उरतं काय? तो म्हणायचा, कायद्यानं वाट दाखवा, मी सोता तार काढतो. गावानं तहसीलला अर्ज केले. नकाशात बघितलं तर वाटच न्हवती.

तेव्हापासून लिंगायतांची मयत रस्त्याच्या कडेलाच पुरायला लागले, तारेच्या समोर. आपल्यात मयताला आडवं करत न्हाईत, तुम्हाला माहीत हाय. मांडी घालून बसवतेत अन् तसंच बसलेलं पुरतेत. तर रस्त्याच्या कडेला असं पहिलं बसवलं मडिवाळप्पाला. त्याच्या मागून हळूहळू बाकीचे. पंधरा-वीस जण झाले असतील.

मडिवाळप्पाची बायको चांगुणा. आम्ही अव्वा म्हणतो तसल्या वयाची. ती येष्टीनं निलंग्याला यायची, साहेबांच्या हापिसाबाहेर बाकड्यावर बसायची. अधिवेशन आलं की तिला कसं कळायचं कोण जाणे. गुरुलिंगला एकच इचारायची, बोलणी झाली का? चर्चा म्हणायची न्हाई, बोलणी म्हणायची. गुरुलिंग तिला चहा पाजायचा, बसमध्ये बसवून द्यायचा. एकदा तिनं त्याच्याकडून शब्द घेतला. झाली तरी अन् न्हाई झाली तरी, तू सोता येऊन सांगायचं. फोनवर निरोप नको. गुरुलिंग हाव म्हणला.

तर ती रात्र. डिसेंबर, शुक्रवार, वेळ अमावस्या. तुम्हाला ठावं हाय, त्या दिवशी आपल्याकडं गावात माणूस सापडत न्हाई. सगळे रानात, पूजेला अन् जेवायला. कडब्याची खोप, भज्जी, आंबील. गुरुलिंगच्या घरचेबी रानात गेले, हा गेला न्हाई. सकाळीच नागपूरवरून साहेबांचा फोन आला होता, आज आपला नंबर लागू शकतो, माझ्याशी बोलायला मोकळा राहा. दिवसभर फोनपाशी बसला. अंधार पडता पडता फोन आला. एकाच बिलावर सगळा वेळ गेला होता. साहेबांचा आवाज उतरला होता. म्हणले, आपल्या आधी अजून आठ हायत. आता मार्चात बघू.

गुरुलिंगनं मफलर बांधला, मोटरसायकल काढली अन् तळीखेडला निघाला. शब्द दिला होता ना.

रात्र काही लई झाली न्हवती. जेवणाची वेळ. पण माणसं दिवसभर रानात दमलेली, रस्ता सामसूम. दोन्ही अंगाला जवारी, हरभरा. कुठंकुठं कडब्याचा पेटता हेंडगा रानाभोवती फिरवून टाकलेला, त्याचा निखारा लांबून दिसायचा. जळक्या कडब्याचा वास. थंडी मस्त. गुरुलिंग मनातल्या मनात जुळवत चालला होता, अव्वाला काय सांगायचं, कसं सांगायचं.

तळीखेडच्या अलीकडं वळण हाय. वळणावर हेडलाइट फिरला, अन् रस्त्याच्या कडेला माणसं बसलेली दिसली.

एका रांगेत. मांडी घालून. डोक्यावरून घोंगडी. तोंडं तारेकडं, पाठी रस्त्याकडं.

त्याला वाटलं, सणाचं भजन असल. न्हाईतर कुणी गेलं असल गावात, अन् व्यंकटीच्या गेटपुढं बसले असतील. त्यानं गाडी हळू केली. उजेड सगळ्यांच्या पाठीवर पडला.

कुणी वळलं न्हाई.

गुरुलिंग म्हणला, तिथंच मला कसंतरी झालं. पाठीवर उजेड पडला तर माणूस वळून बघतो. कुत्रंबी बघतं.

रांगेच्या अलीकडच्या टोकाला एक म्हातारा. अंगानं वाळलेला, डावा खांदा वर चढलेला. त्याच्या शेजारी घोंगडीचा अर्धा भाग जमिनीवर अंथरलेला, त्यावर कुणी न्हाई. म्हातारा त्यावरून हात फिरवत होता. सुरकुती काढावी तसा.

गुरुलिंगनं गाडी बंद केली. का केली ते त्याला आजपर्यंत कळलं न्हाई. गाडी बंद, उजेड बंद. चांदण्यांच्या उजेडात नुसते आकार दिसत होते.

अंधारातून म्हातारा बोलला.

"झाली का बोलणी?"

गुरुलिंगला वाटलं, बिलाचं सगळ्या गावालाच माहीत हाय. तो म्हणला, "न्हाई. वेळ संपला."

"आमच्या आधी किती हायत?"

"आठ."

म्हातारा शेजारच्याकडं वाकला. "आठ."

शेजारचा पुढच्याकडं. "आठ."

पुढचा त्याच्या पुढच्याकडं...

एकच शब्द. हळू. तोंडातून तोंडात. हेडलाइटमध्ये पंधरा-वीस माणसं दिसली होती. शब्द तेवढ्यावर थांबायला पाहिजे होता. थांबला न्हाई. वळणापलीकडं गेला. नाल्याच्या अंगाला उतरला. बारीक होत गेला... आठ... आठ...

मग काहीच न्हाई.

रातकिडाबी न्हाई.

गुरुलिंगचा हात किल्लीवर होता. किल्ली फिरवायची होती.

मग लांबून काहीतरी यायला लागलं. नाल्याकडून. तसंच, तोंडातून तोंडात. जवळ येत गेलं. वळणावर आलं. आता ऐकू येत होतं. दुसराच शब्द होता. शेवटच्या शेजाऱ्यानं तो म्हाताऱ्याच्या कानात सांगितला.

म्हातारा म्हणला, "बसू म्हणतेत."

...



म्हाताऱ्याचा हात परत त्या घोंगडीवरून फिरला. अंधारात नुसती खरखर. "तिला सांग. जागा धरली हाय. घाई न्हाई म्हणावं."

"कुणाला?"

तेव्हा म्हातारा वळला.

त्याचं तोंड कसं होतं, हे गुरुलिंगनं मला सांगितलं न्हाई. मी दोनदा इचारलं. दोन्ही वेळा तो उठून गेला.

गाडी कशी चालू झाली, गावात कसा पोचला, त्याला आठवत न्हाई. चांगुणाअव्वाच्या दारात गाडी आडवी पडली अन् हा तिच्या ओट्यावर बसला. अव्वा जागीच होती. न्हाई रे प्रेम, जिवंत होती. चांगली हिंडतीफिरती. तिनं त्याला पाणी दिलं.

आधी त्यानं बिलाचं सांगितलं. मग रस्त्यावरचं. अव्वानं सगळं ऐकून एवढंच इचारलं, "डावा खांदा वर होता का?"

तो हाव म्हणला.

मडिवाळप्पाला त्यानं कधी बघितलेलं न्हवतं. अव्वा हापिसात यायला लागली ती नवरा गेल्यावर.

अव्वा दाराबाहेर अंधाराकडं बघत बसली. मग म्हणली, "थंडीत बसलेत." अन् पदरानं डोळे पुसले. तिला भ्याव वाटलं न्हाई. गुरुलिंग म्हणला, तिचं तोंड असं झालं होतं, जसं माहेरचा कुणी भेटून गेला.

रात्रभर तो तिथंच चुलीपाशी बसून राहिला. सकाळी परत जाताना त्या वळणावर थांबला. मातीचे उंचवटे, त्यावर दगड, दगडावर दव. दुसरं काही न्हाई. पंधरा-वीसच होते. मग रात्रीची रांग एवढी लांब कशी? मी त्याला म्हणलो, दुसऱ्या गावचेबी आले असतील. बिल काय एकट्या तळीखेडासाठी होतं व्हय?

मार्च आला, गेला. जुलै गेला. परत नागपूर झालं. कधी दोन नंबर पुढं सरकायचं, कधी न्हाई. दर वेळी गुरुलिंग तळीखेडला जाऊन सांगून यायचा, पण दिवसाउजेडी. शेवटी निवडणुका लागल्या. साहेब पडले. विधानसभेची मुदत संपली अन् बिल मेलं.

दिवाळी होऊन गेली होती. गुरुलिंगला आता हापिसबी न्हवतं. तरी गेला. अव्वानं अंथरूण धरलं होतं. हा तिच्या उशापाशी बसला अन् म्हणला, अव्वा, आता रांगच राहिली न्हाई. नवा आमदार, नवी विधानसभा. कुणी आणलं तर पहिल्यापासून.

अव्वानं मान त्याच्याकडं वळवली.

"त्यांना सांगितलंस का?"

गुरुलिंगनं मान हलवली, न्हाई.

"बसू म्हणलेत ना ते. शब्द दिलाय त्यांनी. कुणी सांगितलं न्हाई तर बसूनच राहतील." तिनं त्याचा हात धरला. "मला आता तिथवर चालवत न्हाई. तू सांग."

म्हणून गुरुलिंग गेला. दिवस मावळत होता. रस्त्यावर कुणी न्हाई. उंचवटे, दगड, समोर तार. तारेपलीकडं व्यंकटीची जवारी गुडघ्याएवढी. त्याला सोताचंच हसू आलं, मातीच्या ढिगापुढं उभं राहून बोलायचं. पण बोलला.

"बिल मेलं. आता कुणासाठी थांबायचं न्हाई."

काही झालं न्हाई.

वारा न्हवता. पान हलत न्हवतं.

तो माघारी वळला. अन् लांब, नाल्याच्या अंगाला... तार वाजली. वरची तार. कुणी हात टेकवावा तशी. मग अलीकडं वाजली. मग अजून अलीकडं...

त्यानं मागं बघितलं न्हाई. मी असतो तर मीबी बघितलं नसतं.

त्या रात्री चांगुणाअव्वा गेली. झोपेतच.

सकाळी गावातली चार माणसं व्यंकटीकडं निघाली, निदान म्हातारीला तरी आत न्यायला वाट दे म्हणून पाया पडायला. व्यंकटी गेटपाशीच उभा होता. हातात किल्ली. तार शाबूत. एक खांब हललेला न्हाई. गेटला कुलूप तसंच. अन् आत, गुडघ्याएवढ्या जवारीतून, तारेपासून थेट मसणवट्यापर्यंत वाट पडलेली. चार माणसं खांदा देऊन जातील एवढी रुंद. तुटलेलं धाट न्हाई, उपटलेलं न्हाई. जवारी जणू तिथं पेरलीच न्हवती. शंभर वर्षं पायाखाली असल्यासारखी कडक जमीन.

व्यंकटीनं सोताच्या हातानं कुलूप काढलं. अव्वाला खांदाबी दिला. तिला जुन्या मसणवट्यात बसवलं. गेट त्यानं परत लावलं न्हाई. कायदा आजबी न्हाई, नकाशावर आजबी वाट न्हाई.

मागच्या पावसाळ्यात मी तळीखेडला गेलो होतो. गुरुलिंगवर इश्वास न्हवता असं न्हाई, पण आपल्या डोळ्यानं बघावं म्हणून. व्यंकटी भेटला. म्हणला, दोनदा नांगरलं, दोनदा पेरलं. दोन्ही अंगाला उगवतं, तेवढ्या पट्ट्यात न्हाई. मी म्हणलो, जमीन कडक असल. तो म्हणला, या, बघा.

तुम्हाला आपलं काळं रान ठावं हाय. पावसात पाय टाकला तर चप्पल आत राहती. आम्ही दोघं घोट्याएवढ्या चिखलातून गेलो अन् मी त्या वाटेवर पाय ठेवला. पाऊस चालूच होता. माझ्या डोक्यावरून, तोंडावरून पाणी गळत होतं.

वाटेवर धूळ होती.