भिंत अजून ओली आहे

"इथे पावसाचं कोण बघतं?"

दारात उभा असलेला तरुण डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झाला होता. केसांतून पिवळं पाणी, बाह्यांतून पिवळं पाणी... आमच्या हवामान कार्यालयात एरवी कुणाचं कशावर एकमत होत नाही. पण त्या क्षणी सगळ्यांनी एकदमच माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी... मी बघते," मी म्हणाले. "काय झालं?"

"तुमच्याच ऑफिसची भिंत रंगवत होतो, मॅडम. सकाळपासून. आता ती गटारात वाहून चाललीये."

"पण मी अंदाजात दिलं होतं की! दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह सरींची शक्यता."

"हो, वाचलं होतं. मला वाटलं, ते ठिकाण दुसरीकडे कुठेतरी असेल."

सगळं ऑफिस हसलं. तोही हसला. त्या पिवळ्या चेहऱ्यातले पांढरेशुभ्र दात पाहून मलाही हसू आवरेना. हवामानवाल्यांचीच भिंत पावसाने धुऊन न्यावी, म्हणजे दिव्याखाली अंधारच की!

उन्हाळा नुकताच लागला होता. आमच्या कामात हे दिवस सगळ्यात लबाड. सकाळी लख्ख ऊन, दुपारी घामाच्या धारा, आणि उन्हं कलता कलता कुठूनसा काळा ढग येणार, गडगडाट करणार, एका गल्लीला भिजवून दुसरीला कोरडं ठेवून निघून जाणार. म्हणून आम्ही 'शक्यता' म्हणतो. माझ्या तर जिभेलाच ती खोड लागलीये. आईने विचारलं, "जेवणार ना?" तर मी म्हणते, "बहुतेक." लग्नाचा विषय निघाला की "बघू." आईने माझं नावच ठेवलंय – बहुतेकबाई.

दुसऱ्या दिवशी परांची नेमकी माझ्या खिडकीबाहेर उभी राहिली. लोखंडी नळ्यांवर फळी, फळीवर डबा, आणि डब्याशेजारी हा.

"मॅडम, आज डबा उघडू का?"

"दुपारपर्यंत उघडा. पुढे शक्यता आहे."

"शक्यतेवर रंग वाळत नाही हो. पडणार की नाही?"

"तसं सांगता येत नाही."

"तुम्ही कधी सरळ हो किंवा नाही म्हणता का?"

"म्हणते की... बहुतेक."

तो इतका हसला, की अख्खी परांची खडखडली.

मग ती रोजचीच गोष्ट झाली. वारा सुटला की माझे कागद उडू नयेत म्हणून तो बाहेरून खिडकी ढकलून लावायचा. मी चहा मागवताना दोन कप मागवायचे आणि एक खिडकीत ठेवायचे. एकदा त्याच्या कानावर रंग लागला होता. मी खूण केली, तर त्याने भलताच कान पुसला.

"तो नाही, दुसरा."

"हा?"

"हो... पण राहू दे. छान दिसतंय."

बोलून गेले आणि माझेच कान तापले. उरलेली दुपार मी नकाशातून डोकं वर काढलं नाही.

आणि मग ती विजेची दुपार आली. पश्चिमेकडून ढग चढताना मला दिसला, आणि हा आपला शीळ घालत लोखंडावर उभा! पहिला गडगडाट झाला तशी मी खिडकी सताड उघडली.

"आत या!"

"एवढा कोपरा तेवढा..."

"आत या म्हणते ना! आत्ताच्या आत्ता!"

मी त्याचं मनगट धरून ओढलंच. तो खिडकीतून आत येतो न येतो तोच वीज कडाडली आणि सगळी खोली पांढरी झाली. माझा जीव भांड्यात पडला, पण मनगट सोडायचं भान राहिलं नाही.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "आज 'शक्यता' नाही म्हणालात."

"तुम्ही... तुम्ही लोखंडावर उभे होतात," असं म्हणून मी हात सोडला. माझ्या बोटांना त्याच्या मनगटावरचा रंग लागला होता. तो मी घरी जाईपर्यंत धुतला नाही.

पुढे सगळी भिंत झाली. राहिली ती माझ्या खिडकीभोवतीची पट्टी. तो रोज सकाळी तिच्यावर तळहात ठेवायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "भिंत अजून ओली आहे, मॅडम."

आता हवेत दमटपणा किती, हे मोजणं माझं काम. आमच्याकडे कित्येक दिवसांत थेंब पडला नव्हता आणि त्या भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. तरी मी मान डोलवायचे. "हो ना, ओलीच दिसतेय." ताकाला जाऊन दोघंही भांडं लपवत होतो.

शेवटी एके दिवशी साहेब खिडकीशी आले. "एवढीशी पट्टी किती दिवस रंगवणार? आज आटपा."

साहेब गेले. तो ब्रशकडे बघत म्हणाला, "मुकादमाचा फोन आला होता. लांबच्या एका शहरात मोठ्या हॉटेलचं काम आहे, वर्षभर चालेल. इथेही एका शाळेचं आहे, छोटंसं. आज कळवायचंय..." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय सांगू?"

'थांबा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण खोड ती खोड.

"बघा... तुम्हाला बरं पडेल तसं."

त्याने मान हलवली. डबा उघडला आणि रंग लावायला घेतला. ना थट्टा, ना शीळ. पट्टी भराभर पिवळी होत होती आणि मी संध्याकाळचा अंदाज लिहीत होते. तुरळक ठिकाणी... शक्यता... आणि मला माझाच संताप आला. ढगाचं मला ठाऊक नसतं, म्हणून मी शक्यता म्हणते. हे तर मला ठाऊक होतं!

मी उठले आणि खिडकी ढकलून बाहेर वाकले. दोन्ही हात भिंतीवरच टेकले.

"अहो, रंग ओला आहे!"

"असू दे. भिंत केव्हाच वाळली होती. मला माहीत होतं."

"मलाही," तो म्हणाला.

"हॉटेलला नाही म्हणा. इथेच थांबा. मला तुम्ही आवडता... फार आवडता."

ब्रशवरून रंगाचे थेंब त्याच्या चपलेवर पडत होते, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"नक्की?"

"नक्की."

"मग सांगतो मुकादमाला. मी तर पहिल्या दिवशीच, अंगावरचे कपडे वाळायच्या आत ठरवलं होतं..."

"काय?"

"ही भिंत सावकाश रंगवायची."

रविवारी त्याला घरी बोलावलं. दुपारीच आभाळ भरून आलं, आणि त्याची यायची वेळ झाली तसा गडगडाट करत पाऊस कोसळायला लागला. समोरचा रस्ता दिसेना. आई चहाचं आधण ठेवून खिडकीतून बाहेर बघत होती.

"अशा पावसात कसला येतोय तो! येईल का गं?"

"येईल."

आई वळली. माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.