लाल खुंट्यांच्या आत

रान राखायचं म्हणजे जागं राहायचं. कॉफी ओता आणि जवळ सरका. विझलाय असं वाटणारा ओंडका पहाटे पेट घेतो, म्हणून झोपायचं नाही. आणि आता सांगतो ती ऐकीव गोष्ट नाही, बरं का. कोरिन मॅब्रीच्या हाताखाली मी अकरा वर्षं हेच जाळरेषांचं, म्हणजे वणवा अडवायला आधीच पट्टे जाळून ठेवायचं काम केलंय.

"वॉर्डेलकाका, कोरिन म्हणजे ती बेडूकबाई ना?"

तुझ्या तोंडी कोरिनबाई. तेवीस वर्षं ती या लष्करी छावणीची वन्यजीवतज्ज्ञ होती. कर्नल दर दोन वर्षांनी बदलायचे, कोरिन तिथंच. सुतारपक्ष्याच्या एका घरट्यापायी तिनं रणगाड्यांचा रस्ता वळवायला लावला होता. जवान तिची टर उडवायचे, आणि तंबूत साप निघाला की पहिली हाक तिलाच.

तर, दोन हजार वीस. सत्तावीस फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी सरी येऊन गेल्या होत्या. रात्री साडेनऊला कोरिन गाडी घेऊन चौदा नंबरच्या तळ्यावर गेली, बेडूक मोजायला. तळं बुजवून तिथून रस्ता काढायचं घाटत होतं. एका दुर्मिळ जातीचा बेडूक तिथं सापडला, तरच तळं वाचणार. त्याचा नर घोरल्यासारखा ओरडतो, तोही वर्षातल्या मोजक्या ओल्या रात्री. हंगामातली ही शेवटची मोजणी.

तळ्याच्या एका अंगाला खडीचा रस्ता. दुसऱ्या अंगाला लाल खुंट्या. खुंट्यांच्या आत जवळजवळ ऐंशी वर्षं सरावाचे तोफगोळे पडलेत. फुटायचे किती राहिलेत, देव जाणे. त्याआधी तिथं वस्ती होती, चौदा घरांची. दुसऱ्या महायुद्धाची लढाई लागली तेव्हा सरकारनं तीन आठवड्यांत सगळी उठवली. माझ्या बापाचा जन्म तिथला.

"चौदा नंबरला पोचले. एकटीच आहे," कोरिननं वायरलेसवर सांगितलं.

"बेडकांना माझा सलाम सांग," नियंत्रण कक्षातला सार्जंट लोमॅक्स म्हणाला.

दिवा मालवायचा आणि पाच मिनिटं नुसतं ऐकायचं, अशी पद्धत. तिसऱ्या मिनिटाला घोरणं ऐकू आलं. एक. मग दुसरं. कोरिननं अंधारातच मूठ आवळली. वाचलं तळं!

आणि सगळे बेडूक एकदम गप्प झाले.

मग एक पोर रडलं.

"लोमॅक्स, खुंट्यांच्या आत पोर आहे. असेल तीन-चार वर्षांचं."

"कोरिन, सगळ्यात जवळचं घर चार मैलांवर आहे."

"अरे, मला रडणं ऐकू येतंय!"

"जागची हलू नकोस. बॉम्बपथक पाठवतो. वीस मिनिटं लागतील."

खुंटी ओलांडाल तर तुमचे तुकडे वेचायला मी येणार नाही, असं जवानांना दम देणारी बाई ती. पण वीस मिनिटं... आणि रडणं तर आत आत चाललेलं. आई... आई गं...

तिनं खुंटी ओलांडली.

ओली वाळू. दहा पावलं. वीस. तळ्यावरून धुकं आलं, विजेरीचा उजेड त्यात विरघळून गेला. बुटाच्या टोकाला काहीतरी लागलं. लोखंड.

रडणं थांबलं.

ती उभी राहिली. पुढं पाऊल टाकवेना. मागं टाकवेना.

"पाय उचल."

बाईचा आवाज. हाताच्या अंतरावर.

"कोण...?"

"उचल. मागं वळू नको. माझ्या टाचा बघ नि ये."

धुक्यात दोन अनवाणी टाचा. त्या चालू लागल्या. कोरिन मागोमाग. डावीकडं. थांबल्या. उजवीकडं. पुन्हा थांबल्या. कमरेचा वायरलेस खरखरला.

"कोरिन... तुझ्याबरोबर कोण आहे?"

तिनं टाचांवरची नजर हलवली नाही.

"ती बाई हाका कुणाला मारतेय?"

कोरिनला हाका ऐकूच येत नव्हत्या...

किती वेळ चालली, तिला सांगता येत नाही. बुटाखाली खडी वाजली. रस्ता. पुढं कुणी नव्हतं.

"आणि पोर?"

पोर मिळालं नाही. आसपासच्या गावांत कुणाचं हरवलंही नव्हतं. तळं मात्र वाचलं, आजही आहे. कोरिननं पुढं अडीच वर्षं नोकरी केली, पण रात्रीच्या मोजणीला परत कुणाला एकटं धाडलं नाही.

त्या रात्री अंधारात पथकाला आत जाता येईना; उजाडल्यावर ते यंत्रं घेऊन आत गेलं. मी पाण्याची गाडी घेऊन खुंट्यांशी उभा होतो. त्यांचा प्रमुख बाहेर आला तो पांढराफटक. आत जाणारी कोरिनची पावलं सरळ होती. पुढची सापासारखी वाकडी, आणि दोन्हीकडं वीतभर अंतरावर जिवंत गोळे. तिच्या एकाही पावलाखाली काही नव्हतं.

ती पावलं एका पडक्या घराच्या चौथऱ्यापुढं जाऊन थांबली होती. तिथून बारा-पंधरा हात सोडून पुन्हा सुरू झाली होती.

मधलं अंगण झाडलेलं होतं.

ओल्या वाळूवर खराट्याचे ताजे फराटे, एकाशेजारी एक... त्यांच्यावर चिमणीचंसुद्धा पाऊल नव्हतं.