चारची कुप्पी

तुळयांच्या गणितात वत्सला दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची. ती हुकली की विद्यापीठ सोडून गावी मोनरागलाला, भावाच्या उसात परत.

"वत्सलाला आता खात्याने पेन्शन सुरू करावी," कँटीनमध्ये तिलंक म्हणाला. तो तिच्याच वर्गातला, पण केव्हाच पुढे गेलेला. मग त्यानेच कोरा चहा तिच्याकडे सरकवला. "चारची कुप्पी बघ एकदा. जुन्या प्रयोगशाळेवरची खोली."

"शिकवतं कोण?"

"मी कुठे गेलोय? गेलेले पास होतात, एवढं ऐकलंय."

कुप्पी म्हणजे बाटलीचा दिवा. पूर्वी त्याच्या उजेडात वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवायची. दिवे गेले, शिकवणीला नाव तेवढं राहिलं. सिंहली मुलांची कुप्पी वेगळी, तमिळ मुलांची वेगळी, ज्याची त्याच्या भाषेत, कारण तासाला सरांचं इंग्रजी कुणालाच धड कळत नसे.

या कुप्पीत तिघंच होते. सिंहली वत्सला, जाफन्याची तमिळ याळिनी आणि खिडकीशी जनित. जनित जन्मापासून बहिरा. तासाला तो सरांच्या ओठांवरची नजर काढत नसे.

शिकवणारा दादा फळ्याकडे तोंड करून उभा असायचा. करडी पँट, बाहीवर खडूची भुकटी. तो कधी वळल्याचं वत्सलाला आठवत नाही. तरी ती अडली की त्याचा हात थांबायचा.

"नाही ना कळलं? गावच्या ओढ्यावरचा ओंडका आठव. मधोमध आलीस की आई तुझा हात घट्ट धरायची. का धरायची?"

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या ओंडक्याबद्दल वत्सला इथे कुणाशी बोलली नव्हती. तरी तिला भीती वाटली नाही. पायाखाली लाकूड दबल्यासारखं झालं, आणि तुळई मधेच जास्त का वाकते ते तिला कळलं. वहीतून नाही, हातातून कळलं.

त्याच क्षणी शेजारी याळिनीनेही मान डोलावली होती. जनित खाली बघून भराभर लिहीत होता.

पंधरा दिवस असे गेले. मग परीक्षा झाली, निकाल लागला. तिघंही पास.

गुरूला वाकून देतात तशी विड्याच्या पानांची जुडी घेऊन वत्सला निघाली. जिन्यात याळिनी भेटली. तिच्याही हातात पानं होती. दोघी मोडक्या इंग्रजीत बोलायच्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती.

"अक्का, अण्णांचं तमिळ किती गोड," याळिनी म्हणाली. "अगदी आमच्या बेटावरचं."

"कुणाचं तमिळ?"

"अण्णांचं. विहिरीवरच्या ताडाच्या खोडाचं सांगितलं नाही का त्यांनी? माझे आजोबा त्यावर पुढे-मागे चालायचे, की खोड झुकून दुसऱ्या टोकाची बादली वर यायची."

"ते सिंहलीत बोलायचे, याळिनी. ओढ्यावरच्या ओंडक्याबद्दल."

याळिनी हसली. वत्सला हसली नाही. मग याळिनीचंही हसू गेलं.

दोघी वर गेल्या. चार वाजून गेले होते. फळा कोरा होता, फळ्याशी कुणी नव्हतं. जनित मात्र आपल्या जागी बसून लिहीत होता.

याळिनीच्या हातून दार सुटलं आणि धाडकन आपटलं. जनितने मान वर केली नाही.

वत्सला त्याच्याजवळ गेली. त्याच्या वहीच्या कोपऱ्यात तिने लिहिलं, 'दादा कुठल्या भाषेत शिकवायचे?'

जनितने ओठांवर बोट ठेवलं. फळ्याकडे बघत थोडा वेळ थांबला, कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यावं तसा. मग त्याने खाली लिहिलं,

'भाषा कुठली ते मला कळत नाही. आवाज म्हणतात, तो असाच असतो का?'