दोन्ही बाजू, पूर्ण

मी आमच्या जॅझ मंडळाचा सेक्रेटरी. अकरा वर्षं रजिस्टर लिहितोय. कोण आलं, कोण उशिरा आलं, कुणी कुठली तबकडी वाजवली, कुणी मटण खाऊन तबकडी न वाजवताच सटकलं... सगळं तारखेनिशी आहे.

त्या अकरा वर्षांत एकच नोंद खोटी आहे.

ही हकीकत त्या नोंदीची. विश्वास ठेवाच असं म्हणत नाही. रजिस्टर माझ्या कपाटात आहे, आमच्या मामेलोडी वस्तीत आलात तर दाखवीन.

१७ सप्टेंबर २०२२. शनिवार. पहाटे पावणेसहा. लेसिबा मामाची बैठकीची खोली.

खोलीत तिघंच. मी, माझं तबकड्यांचं स्वस्तातलं मशीन...

आणि शवपेटीत लेसिबा मामा.

मामा तो सगळ्या गल्लीचाच. आमच्या मंडळात पंधरा-सोळा पिकल्या केसांची माणसं. रविवारी दुपारी कडक इस्त्रीची पँट, दोन रंगांचे चामडी बूट, आणि काखेत तान्हं मूल धरावं तशी तबकडी. प्रत्येकाने एक वाजवायची, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायची. आवडली की उठून जागच्या जागी, एकट्याने नाचायचं.

लेसिबा मामा कधी उठायचा नाही. तो नापास करायला बसलेला असायचा.

नवा माणूस आला की त्याला सुरुवातीचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचा, "ड्रमवर कोण?" उत्तर चुकलं की जीभ टाळूला लावून नुसतं "च्च". त्या एका "च्च"पायी दोघं जण मंडळ सोडून चर्चच्या गायनात गेले. तशी नोंद आहे.

त्याचं जर्मन मशीन होतं. सोनार सोनं तोलतो तशी सुईची दांडी तोलायचा. सुई ठेवण्याआधी वाकायचा आणि तिच्यावर हळूच फुंकर मारायचा.

फू...

मगच वाजवायचा.

आणि मी? मी सगळ्यांच्या तबकड्या लिहून घ्यायचो, पण माझ्याकडे मशीनच नव्हतं. शेवटी त्या जून महिन्यात मॉलमधून एक उचललं. अठराशे नव्याण्णव रँड. सूटकेससारखं, मलई रंगाचं, आतच स्पीकर, वीज नसली तर सहा सेलवर चालणारं. रविवारी ऐटीत घेऊन गेलो.

मामाने चष्मा खाली सरकवला.

"सेक्रेटरी, शाळेचा डबा आणलास? पाव आहे की पोलोनी सॉसेज पण आहे आत?"

सगळे हसले. त्याने झाकण उघडून दांडी बोटाने उचलली.

"ही सुई नाही रे, नांगर आहे! तबकडीवर मका पेरणार का?"

आमचे अध्यक्ष हॅमिल्टनदादा इतके हसले की कवळी हातात आली.

मामा मात्र हसला नाही. म्हणाला, "ऐकून ठेवा. मी मेल्यावरसुद्धा माझी तबकडी ह्याच्यावर वाजवू नका."

हे वाक्य रजिस्टरात नाही. मी लिहिलंच नाही.

तीन महिन्यांनी मामा हृदयविकाराने गेला.

आमच्या मंडळाचा एक नियम आहे. सदस्य गेला की पेटी घराबाहेर काढण्याआधी त्याची सगळ्यांत लाडकी तबकडी त्याच्यासाठी वाजवायची. दोन्ही बाजू, पूर्ण. मधे सुई उचलायची नाही. तबकडी अर्धवट ऐकून निघालेला माणूस अर्धाच निघतो, असं आमचे जुने लोक मानतात.

मामाची लाडकी तबकडी एकच. इथल्याच पोरांच्या एका बँडने चौऱ्याहत्तर साली काढलेली. पाचशे प्रती निघाल्या, त्यातल्या किती उरल्या देव जाणे. वर्षातून एकदा, स्वतःच्या वाढदिवसाला, तो ती वाजवायचा. दुसऱ्या बाजूची शेवटची धून लागली की हा कधीही न उठणारा माणूस उठायचा. चार मिनिटं एकटा नाचायचा. सिमेंटच्या फरशीवर बुटाचा तळवा घासायचा आणि टाच आपटायचा.

श्श... टक. श्श... टक.

त्या बुटांसकटच त्याला पेटीत ठेवलं होतं.

त्या पहाटे लोडशेडिंग. चारला गेलेली वीज साडेसहाला येणार. जर्मन मशीन मुकं पडलं. हॅमिल्टनदादांनी मला बाजूला घेतलं.

"मोलाते, तुझा डबा सेलवर चालतो ना?"

"दादा, मामा काय म्हणाला होता, आठवतं ना?"

"आठवतं. पण काहीच न ऐकता गेला तर जास्त चिडेल."

मी मशीन आणलं. सव्वापाचला तबकडी लावली. पहिली बाजू संपली, उलटली, दुसरी सुरू झाली. बाहेर तंबूत प्रार्थना गीतं सुरू झाली, मंडळाचे लोक कोट घालून फाटकापाशी रांगेत उभे राहिले. मामी आतल्या खोलीत शोकाच्या गादीवर बसली होती, भोवती म्हाताऱ्या बायका. पेटीपाशी मी एकटा.

सहाला दहा मिनिटं कमी असताना अंत्यविधीवाल्यांचा गाडीवाला दारात आला.

"झालं का? दफनभूमीत साडेसातची वेळ आहे आपली. चुकली तर दुपारपर्यंत रांगेत उभे राहाल."

"चार मिनिटं फक्त."

"पाद्री माझ्यावर ओरडतायत, साहेब."

शेवटची धून आता लागणारच होती.

मी सुई उचलली.

खरं सांगतो, घाई हे अर्धं कारण. बाकीचं अर्धं असं, की अंगठ्याने ती दांडी वर करताना मला बरं वाटलं. मनात म्हटलं, घे मामा, नांगर थांबवला.

संध्याकाळी, रिवाजाप्रमाणे मामाच्या फाटकावरच्या घमेल्यात हात धुऊन घरी आल्यावर, मी रजिस्टर उघडलं. लिहिलं: "दोन्ही बाजू, पूर्ण."

पुढच्या रविवारी दुपारी घरी एक तबकडी लावली. माझी स्वतःची, जुन्या बाजारातली. सुई खाली आणली...

फू...

माझ्या कानाजवळून. मी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. खिडकी बंद.

वारा असेल म्हटलं. तबकडी नीट वाजली, शेवटपर्यंत. म्हणजे... जवळजवळ शेवटपर्यंत.

शेवटची चार मिनिटं आवाजच नाही.

तबकडी फिरत होती. सुई पुढे सरकत होती. पण सुईची खरखरसुद्धा नाही.

दुसरी लावली. तेच. तिसरी लावली. तेच. घड्याळ धरून बसलो. बरोबर चार मिनिटं.

माझी बायको म्हणाली, "स्वस्तातलं घेतलंस, भोग आता." मी मशीन दुकानात नेलं. तिथल्या माणसाने वाजवून दाखवलं. खणखणीत, अगदी शेवटपर्यंत. घरी आणलं, की परत तेच.

मी सेल काढले, मशीन बंद करून कपाटावर ठेवलं. सेल बायकोने टॉर्चला लावले.

फेब्रुवारीत मामीचा फोन आला. मोखाडी मामी, मामाची बायको.

"सेक्रेटरी, रविवारी चारच्या आत ये. एकटा ये."

गेलो. मामी शोकाच्या काळ्या कपड्यांत होती. मार्चमध्ये मामाला जाऊन सहा महिने होणार होते, घरातली वडीलधारी मंडळी येऊन काळे कपडे उतरवणार होती. मामीला मग लेकीकडे पोलोक्वानेला जायचं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते, आणि काळ्या कपड्यांत बाळंतिणीच्या खोलीत जाता येत नाही.

तिने चहा दिला. बरोबर चार वाजता बोट ओठांवर ठेवलं.

लख्ख ऊन होतं. रस्त्यावर कुणाचं तरी गाडी धुणं चालू होतं.

श्श... टक.

मी कप खाली ठेवला.

श्श... टक. श्श... टक.

आम्ही दोघं खुर्च्यांवर. फरशी रिकामी. आवाज मात्र फरशीच्या मधोमध... आणि मग एकदम थांबला. पाऊल उचललं आणि टेकवलंच नाही, असा.

"रोज," मामी म्हणाली. "असाच अर्ध्यात थांबतो. मग दाराशी उभा असतो. जात नाही, बसत नाही. वडीलधारी म्हणतात, घरात अजून काही असेल तर कपडे उतरवायचे नाहीत. आणखी सहा महिने. माझी पोर तिकडे एकटी आहे रे."

मी फरशीकडे बघत होतो.

"मोलाते, तू होतास पेटीपाशी. त्याने सगळी तबकडी ऐकली ना?"

एक "हो" म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. माझ्या जिभेवर आला होता.

"नाही मामी. शेवटची चार मिनिटं राहिली. मी सुई उचलली."

"गाडीवाल्यासाठी?"

"थोडं त्याच्यासाठी. थोडं... त्याने माझ्या मशीनला नांगर म्हटलं होतं म्हणून."

मामीने माझा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तीस वर्षं मला ती तबकडी हातात धरू दिली नाही त्याने. तुझे हात ओले असतात म्हणायचा. मी सुई उचलली का त्याची कधी?"

मी मान खाली घातली.

"आणि रजिस्टरात काय लिहिलंस?"

"पूर्ण."

"वा रे सेक्रेटरी! आम्ही पाच मिनिटं उशिरा आलो तर लाल शाईने लिहितोस. येत्या रविवारी सगळ्यांना इथे बोलाव. सगळ्यांसमोर सांग. आणि ते राहिलेलं वाजव."

रविवारी सगळे आले. मी उभा राहून सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. त्यापेक्षा वाईट झालं. हॅमिल्टनदादा नुसतं म्हणाले, "च्च."

जर्मन मशीनवर तबकडी लावली. दुसरी बाजू सुंदर वाजली. शेवटच्या धुनेची जागा आली...

आवाज गेला.

दादांनी वायरी तपासल्या, सुई पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तिथेच गेला. तेवढ्यात वीजच गेली. बाहेर गल्लीभर नेहमीची आरडाओरड झाली, मग शांतता.

मामी म्हणाली, "ज्याच्यावर तोडलंस त्याच्यावरच जोड."

"मामी, त्यात सेल नाहीत."

"आणलंयस ना?"

आणलं होतं. का आणलं, माहीत नाही. टेबलावर ठेवलं. दादांनी उलटं करून सेलचं झाकण स्वतः उघडून पाहिलं. आत काही नव्हतं. तबकडी ठेवली. दांडी उचलून शेवटच्या धुनेच्या कडेवर धरली.

फू...

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. आमच्यातल्या फिनियासच्या हातातली टोपी खाली पडली.

आणि तबकडी फिरायला लागली.

त्या डबड्या स्पीकरमधून सॅक्सोफोन आला. पातळ, चरचरीत, पण आला. आणि फरशीवर...

श्श... टक. श्श... टक. श्श... टक.

पंधरा माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. मध्ये कुणी नव्हतं. मामीने डोळे मिटले होते आणि तिची मान तालात हलत होती. पूर्ण चार मिनिटं. शेवटचा सूर संपला, सुई आतल्या कडेला खरखरायला लागली, आणि पावलं निघाली.

दाराकडे नाही.

माझ्याकडे.

टक. टक. टक.

टेबलापाशी थांबली. दांडी आपोआप उचलली गेली आणि जागेवर जाऊन बसली. ते मशीन आपोआप थांबणारं नाही. तेवढ्या पैशांत ती सोय येत नाही.

मग काहीच नाही. दारातून उन्हाळ्याचा वारा आत आला. मामी रडत होती, पण चेहरा मोकळा होता.

मार्चमध्ये मामीचे काळे कपडे उतरले. त्या घरात परत कधी आवाज झाला नाही. लेकीला मुलगा झाला. मामी तिथेच आहे, फोन करते, मजेत आहे.

माझं सांगतो.

त्या रविवारी मशीन घेऊन चालत घरी निघालो. जेमतेम तीन किलोची ती पेटी, एरवी एका हाताने नेत होतो. त्या दिवशी चार गल्ल्यांत तीनदा हात बदलला.

अजून सेल घातलेले नाहीत. वायर लावलेली नाही. पण रविवारी दुपारी मी चांगली तबकडी काढून ठेवली, की ती वाजते. शेवटपर्यंत वाजते. आधी एक फुंकर ऐकू येते, एवढंच. आणि फालतू तबकडी काढली तर...

च्च.

मशीन विकायला काढलं होतं. तीन गिऱ्हाइकं आली. उचलून बघितलं आणि खाली ठेवून गेली.

जुनी नोंद मी लाल शाईने दुरुस्त केली. तारीख घातली, सही केली. वाटलं, हिशोब मिटला.

तेव्हापासून मशीन घेऊनच सभेला जातो. सभा संपली की उभा राहून हजेरी वाचून दाखवतो. आधी माणसं मोजतो. एक एक करून, बोट दाखवून. मी धरून पंधरा भरतात.

आणि मी वाचतो, "हजर, सोळा."

मागच्या रविवारी वाचल्यावर मान वर करून पाहिलं, कुणी दुरुस्ती सुचवतंय का.

बाकीचे चौदाही जण फरशीकडे बघत होते.